नव्या डिस्कचं बारसं

सातारा, ६ जानेवारी

अंजे,

आशीर्वाद. पत्र बघून दचकू नकोस, घरात सगळे धडधाकट आहेत. तुझी वहिनी बना तर इतकी धडधाकट आहे की मलाच जपून राहावं लागतं.

पत्र का, ते सांगतो. तू मोबाईलवर बोलून निरोप पाठवतेस. माझे कान तोफखान्यात राहिले, हे तुला ठाऊक आहे, तरी पाठवतेस. मग बना तो निरोप ऐकते आणि मला सांगते. तू पाच मिनिटं बोललेली असतेस आणि बनाकडून माझ्यापर्यंत येतं ते एवढंच, "बरी हायत म्हणं समदी." टाइप करायचा तुला कंटाळा. तेव्हा आता कागदच बरा. तुझं अक्षर अजून कोंबडीच्या पायासारखं आहे का तेही कळेल.

काम असं आहे. माझा कॉम्प्युटर भरला आहे. पार गळ्यापर्यंत. फोटो उघडायला लावले की चहा करून प्यावा, मग ते उघडतात. एका दुरुस्तीवाल्याकडे डबा घेऊन गेलो. त्यानं दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाला, "काका, फॉरमॅट मारून देतो, नव्यासारखा पळंल." हे त्यानं कागदावर लिहून दाखवलं, म्हणून कळलं. मी विचारलं, आतलं सगळं राहील का? त्यानं हसून मान हलवली. मी डबा उचलला आणि सरळ घरी आलो.

अंजे, त्यात आबा आहेत. तुला मी सांगितलं असेल, पण तू लक्ष दिलं नसशील. सुट्टीवर आलो की मी टेपरेकॉर्डर घेऊन आबांच्या मागं रानात जायचो. मेंढरं बसली, की आबा ढोल पुढं ओढून ओव्या म्हणायचे, त्या मी भरून घ्यायचो. पुढं साताऱ्यात एका मित्रानं त्या सगळ्या कॅसेटी कॉम्प्युटरमध्ये उतरवून दिल्या. तेव्हा माझे कान थोडे चालत होते. कॅसेटींना नंतर बुरशी लागली, त्या फेकल्या. आता आपल्या बापाचा, जोतीराम धनगराचा, आवाज जगात फक्त ह्या एका डब्यात आहे. मला स्वतःला तो ऐकू येत नाही, हे खरं. पण तुला येतो. आणि तू इथं येतेस तेव्हा एकतर लाईट नसते, नाहीतर तुला परतीची गाडी गाठायची असते. आबा गेले ते गेले, त्यांचा आवाज माझ्या हातून जायला नको. एवढं एकच काम माझ्या डोक्यावर आहे.

म्हणून नवी हार्ड डिस्क आणली. जाड पोथीएवढी चकचकीत डबी आहे, जुन्यापेक्षा आठपट माल मावतो म्हणे. देवापुढं ठेवली, हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला, म्हसवडच्या सिद्धनाथाचा अंगारा लावला आणि मग डब्याचं झाकण काढून स्वतःच्या हातानं बसवली. दोन वायरी, चार स्क्रू. तोफ खोलून परत जोडलेल्या माणसाला हे काय अवघड?

पण अंजे, ती दिसतच नाही. कॉम्प्युटर चालू केला, सगळीकडे शोधली, जुनी सी आणि डी दोघी आहेत, नवीचा पत्ता नाही. डब्यात ती आहे, हात लावला की थरथरते, म्हणजे जिवंत आहे. मग पडद्यावर का येत नाही?

तुझी सून दीपमाला कारखान्याच्या हापिसात कॉम्प्युटरवर असते. तिला विचार आणि नीट, पायरी पायरीनं लिहून पाठव. घाई कर, पण चुका करू नकोस. दुरुस्तीवाल्याकडे मी आता जाणार नाही.

तुझा,
भाऊसो (दादा)

&nbsp;

कुपवाड, ११ जानेवारी

दादा,

नमस्कार. वहिनींना वेगळा नमस्कार, तुझ्याबरोबर दिवस काढतात म्हणून.

तुझं पत्र पोस्टमननं दिलं तेव्हा मला वाटलं कोर्टाचं काही आलं. आमच्या गल्लीत हातानं लिहिलेलं पत्र कुणी बघितलेलं नाही. शेजारीण विचारायला आली, काय झालं म्हणून. मी म्हटलं, भावाला हार्ड डिस्क झाली आहे.

माझं अक्षर कोंबडीच्या पायासारखं आहे ते आहेच. तुझं मोठं मोत्यासारखं आहे, पण चार पानं लिहून त्यात बहिणीची गुडघेदुखी कशी आहे हा एक प्रश्न नाही. बरी नाही. जिना उतरताना देव आठवतो.

आता दीपमालाचं ऐक. ती भाकरी थापत सांगते आहे आणि मी लिहिते आहे, तेव्हा मध्ये कुठं पिठाचा डाग दिसला तर तो पायरीत धरू नकोस.

पहिलं म्हणजे ती विचारते, "मामांनी कुंकू नेमकं कुठं लावलं? जिथं वायर खुपसायची तिथं तर न्हाई ना?" असलं तर आधी पुसून काढ.

दुसरं. नवी डिस्क दिसत नाही यात तुझं काही चुकलेलं नाही. ती कोरी असते. कॉम्प्युटरला कुणीतरी सांगावं लागतं की ही आपली, हिला घरात घ्या. तोवर ती उंबऱ्याबाहेर उभी. तर खालच्या कोपऱ्यात स्टार्टची खूण आहे, तिच्यावर माऊसचं उजवं बटण दाब. डावं नाही. यादी येईल, त्यात डिस्क मॅनेजमेंट म्हणून आहे ते उघड. उघडताच तो इनिशियलाइज करू का म्हणून विचारेल. तिथं एमबीआर आणि जीपीटी असे दोन पर्याय असतात, जीपीटी घ्यायचा आणि ओके म्हणायचं.

मग खाली पट्ट्या दिसतील. इथं दीपमालानं भाकरी तव्यावर तशीच टाकली, हात पुसले आणि मला म्हणाली, "आत्या, हे नीट लिवा, हितं चुकलं तर समदं गेलं." तेव्हा तू पण नीट वाच. निळी पट्टी असलेली डिस्क जुनी, तिच्यावर झिरो लिहिलेलं असेल. काळी पट्टी असलेली नवी, तिच्यावर एक. मी तुला आपल्या भाषेत सांगते. निळी म्हणजे पेरलेलं रान, त्यात पीक उभं आहे. काळी म्हणजे पडीक. नांगर फक्त पडीकात घालायचा. पेरलेल्या रानात पाऊल ठेवायचं नाही, कुणी कितीही विचारलं तरी.

काळ्या पट्टीवर उजवं बटण, न्यू सिंपल व्हॉल्यूम, मग नेक्स्ट, नेक्स्ट म्हणत जायचं. एक अक्षर तो आपणहून देईल, ते घ्यायचं. शेवटी फिनिश. मग डिस्क दिसेल. दिसली की आबांचं सगळं आधी तिकडं कॉपी कर, बाकी फोटोंचं मागनं बघ.

दादा, आबांच्या ओव्यांचं तू मला सांगितलं होतंस. मी लक्ष दिलं नव्हतं असं नाही. मला वाटायचं, ऐकलं तर रडू येईल. आता वाटतं, आलं तर आलं.

सोबत तीळगूळ पाठवते आहे. गोड बोल, विशेषतः वहिनींशी.

तुझी,
अंजना

&nbsp;

सातारा, १६ जानेवारी

अंजे,

तीळगूळ पोचला. अर्धा चुरा होऊन पोचला, तो बनानं दुधात घालून संपवला. तुझ्या गुडघ्यांची चौकशी करतो आहे. ओव्याचं तेल लाव. झाली चौकशी.

दीपमालाला सांग, मी तोफेला कुंकू लावलेला माणूस आहे. तोंडात लावत नसतात, पाठीवर लावतात.

आता मोहिमेचं. तुझं पत्र पडद्याशेजारी चिकटपट्टीनं लावलं आणि बनाला बाजूला उभी केली. तिनं बोट ठेवून एकेक ओळ दाखवायची, मी ती करायची आणि झाली की तिनं मान हलवायची. उजवं बटण दाबलं. यादी आली. डिस्क मॅनेजमेंट उघडलं आणि खरंच, त्यानं विचारलं! तू लिहिलं होतंस तेच, शब्दाला शब्द. मला इतका आनंद झाला की मी बनाला सलाम ठोकला. ती म्हणाली, "आधी बटन दाबा, मग नाचा." तिच्या ओठांवरून एवढं कळतं मला.

सिद्धनाथाच्या नावानं चांगभलं म्हणून ओके दाबलं. पट्ट्या आल्या. वर निळी, खाली काळी. निळीकडे माऊसचा बाणही फिरकू दिला नाही. काळीवर उजवं बटण, न्यू सिंपल व्हॉल्यूम, नेक्स्ट, नेक्स्ट. अक्षर दिलं एफ. बना म्हणाली, बघा, पंचांगात भटजी अक्षर काढून देतात तसं ह्यानं काढलं.

आणि पुढच्या पानावर मी थांबलो.

अंजे, तिथं त्यानं नाव विचारलं आहे. एक चौकट आहे आणि त्यात नव्या डिस्कचं नाव घालायचं आहे. त्यानं आपणहून न्यू व्हॉल्यूम असं काहीतरी घालून ठेवलं आहे, पण ते काय नाव झालं? नवं पोर म्हणून कुणी पोराला हाक मारतं का? तुझ्या पत्रात ह्या चौकटीबद्दल एक अक्षर नाही. नेक्स्ट, नेक्स्ट म्हणत जा म्हणालीस. मी जाणार होतो. बनानं हात धरला. म्हणाली, "नाव आत्यानं ठेवायचं असतं. तुमी कोन ठेवणार?"

आणि तिचं बरोबर आहे. आपल्या घरात आत्याशिवाय कुणाचं नाव कुणी ठेवलं आहे? तुझं नाव आपल्या धोंडुबाई आत्यानं ठेवलं, माझंही तिनंच. तुझ्या जयराजच्या बारशाला तर त्याची आत्या येईपर्यंत पाळणा तीन तास रिकामा ठेवला होता, तू रडकुंडीला आली होतीस. मग माझ्या घरात पहिल्यांदा कशाला तरी नाव द्यायची वेळ आली, तर ते मी एकट्यानं उरकू?

तेव्हा पान तसंच उघडं ठेवलं आहे. कॉम्प्युटर बंद करत नाही, नाहीतर पुन्हा पहिल्यापासून. नाथाच्या कृपेनं सध्या लाईटही जात नाही. वर बनानं पांढरा पंचा घातला आहे धूळ बसू नये म्हणून. तू नाव कळव. नीट विचार करून कळव, घाई नाही. काय ते चांगलं निघू दे.

बाकी सगळं ठीक. बना आपली म्हणत असते, डब्यातनं टक् टक् आवाज येतो, मधनंच कुरकुरतो. मला तर काही ऐकू येत नाही. तिला आठवडाभर मांजरही ऐकू येत होतं, ते शेजाऱ्यांचं निघालं.

तुझा,
दादा

&nbsp;

कुपवाड, २१ जानेवारी

दादा,

तुझं पत्र तीन वेळा वाचलं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला रागच आला, खरं सांगते. वाटलं, दादा चेष्टा करतो आहे. तुम्हाला मूलबाळ झालं नाही, मी कधी खरी आत्या झाले नाही (सून आत्या म्हणते ते सासू म्हणून), हे काय चेष्टेचं आहे का? पत्र घडी घालून डब्यात टाकलं आणि भाजी चिरायला बसले. भाजी जास्तच बारीक चिरली.

दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा वहिनींनी तुझा हात धरल्याचं दिसलं. वहिनी असल्या गोष्टीत चेष्टा करायच्या नाहीत. मग तिसऱ्यांदा वाचलं आणि मला हसू आलं आणि एकटीच स्वयंपाकघरात हसत बसले. दादा, अरे मी आत्या झाले! एकसष्टाव्या वर्षी! शेजारणीला हाक मारून सांगितलं. तिला काही कळलं नाही, पण साखर घेऊन गेली.

आता नावाचं म्हणशील तर हे काम तुला वाटतं तेवढं सोपं नाही. एफ अक्षर आलं म्हणजे फ वरून ठेवायचं का? फ वरून मला फुलाबाई आणि फत्तेसिंग एवढीच आठवली. डिस्क हा पोरगा आहे की पोरगी, हे पण कुणी सांगेना. दीपमाला म्हणते डिस्क ती. मग मी म्हणते, पण त्यात जे राहायला येणार ते तर आबा. जयराज म्हणाला, "आये, सरळ न्यू व्हॉल्यूम ऱ्हाऊ दे की." त्याला त्या दिवशी जेवायला उशिरा वाढलं.

माझ्या मनात एक नाव आहे. परवा पहाटे आलं आणि तिथंच बसलं. पण ते मी पत्रात लिहिणार नाही. नाव आधी बाळाच्या कानात सांगायचं असतं, मग बापाला. तेव्हा

दादा, वरचं वाक्य अर्धं राहिलं, कारण दीपमाला कामावरून आली आणि तिनं तुझं पत्र मागितलं. चहा पीत वाचत होती. बारशाचं वाचून हसली आणि मग एकदम कप खाली ठेवला. म्हणाली, "आत्या, ह्यो टक् टक् आवाज काय हाय?"

मी म्हटलं, वहिनींना ऐकू येतो, दादाला नाही.

ती म्हणाली, तो आवाज नव्या डिस्कचा नसणार, जुनीचा आहे. आतली सुई अडखळते आहे. अशी डिस्क कधीही बंद पडते, आज, उद्या, कधीही, आणि मग आतलं काही निघत नाही. आणि तुम्ही नावासाठी कॉम्प्युटर इतके दिवस चालू ठेवला आहे!

दादा, आबा त्यात आहेत आणि मी इथं फुलाबाई की फत्तेसिंग करत बसले होते. फोन केला तर तू उचलणार नाहीस, वहिनींचा लागत नाही. म्हणून दीपमालानं उद्यापासून दोन दिवसांची रजा टाकली आहे. सकाळच्या पहिल्या गाडीनं ती निघते, हे पत्र तिच्याच हाती देते. ती येईपर्यंत कशाला हात लावलेला नसू दे, आणि आल्यावर ती सांगेल तसं कर. मामेसासरा म्हणून तिला घाबरवू नकोस, तोफखान्याचं काही सांगू नकोस.

मी येणार होते. गुडघ्यांनी नाही म्हटलं. पण नाव मीच ठेवणार. दीपमाला मला तिथनं फोन लावेल. तू मध्ये पडू नकोस, तुला तसंही ऐकू येणार नाही.

नाथा, आबांना सांभाळ रे.

अंजना

&nbsp;

सातारा, २३ जानेवारी

अंजे,

दीपमाला हे पत्र घेऊन येते आहे, आणि तिच्या पर्समध्ये आणखी एक वस्तू आहे. पण आधी वाच. नाहीतर तू पर्स उघडशील आणि माझं पत्र राहील.

काल दुपारी ती आली. पाणीसुद्धा प्यायली नाही. पंचा बाजूला केला, डब्याला कान लावला आणि तिचा चेहरा उतरला. मला लिहून दाखवलं, कधीपासून आवाज येतो? बना मागनं म्हणाली, "तीन आठवडं सांगतिया मी. माझं ऐकतंय कोन?" ह्यावर दोघी हसल्या. मला ते मागाहून कळलं, तेव्हा मी पण हसलो. पण त्या वेळी, अंजे, हसायला सुचलं नव्हतं. तोफखान्यात असताना घाबरलो नाही, असं मी सगळ्यांना सांगतो. काल घाबरलो.

मी म्हटलं, नाव राहू दे, न्यू व्हॉल्यूम तर न्यू व्हॉल्यूम, आधी आबांना काढ. दीपमाला म्हणाली, नावाला अर्धं मिनिट लागतं, त्यानं काही बिघडत नाही. आणि तुझ्या सुनेत तुझंच रक्त असावं असं वाटलं, कारण तिनं तेवढ्यात फोन लावलासुद्धा. डब्याच्या बाजूला वारा जायला जाळी आहे ना, तिथं तिनं मोबाईल धरला. तू पलीकडनं काय बोललीस ते त्या जाळीला ठाऊक. बनानं मात्र ऐकलं, कारण ती एकदम ओरडली आणि तिनं दीपमालाच्या पाठीत धपाटा घातला. नाव ठेवताना आत्याच्या पाठीत घालायचा असतो ना, तू नव्हतीस, म्हणून तुझा तिला मिळाला. हात बनाचा आहे, तेव्हा तिला पाठ शेकायला दे.

मला कुणीच काही सांगेना. दीपमालानं चौकटीतलं जुनं खोडलं आणि एकेक अक्षर टाइप करायला लागली. इंग्रजीत. जे. मग ओ. मग टी. टी आला तिथं मला कळलं.

जोतीराम.

अंजे, आजाचं नाव नातवाला, ही आपली रीत. आबांचं नाव पुढं न्यायला माझ्या घरात कुणी नाही, हे मी कधी बोललो नाही आणि तू कधी विचारलं नाहीस. ते नाव तू तिथं लिहून ठेवलंस. मी चष्मा पुसायला गॅलरीत गेलो. बना आली नाही मागं, शहाणी आहे. लय बरं वाटलं. एवढंच लिहितो.

फिनिश दाबलं आणि जोतीराम पडद्यावर आला. मग कॉपी. हिरवी पट्टी निघाली, पण अशी रांगत होती की मी बैलगाडीनं म्हसवडला जाऊन आलो असतो. आबांच्या ओव्यांचं एकेक नाव पुढं सरकत होतं. टेबलावरच्या पंख्याचं तोंड मी डब्याकडं वळवलं. सगळ्या गेल्या, आणि शेवटच्या एकीवर पट्टी थांबली. कॉम्प्युटरनं विचारलं, पुन्हा बघू, का सोडून देऊ? दीपमालानं पुन्हा बघ म्हटलं. थांबली. पुन्हा. थांबली. तिनं माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, पोरी, मागं राहिलेल्या माणसाला सोडून पुढं जायची आम्हाला सवय नाही.

मग तिनं सगळं बंद केलं, डबा उघडा ठेवला आणि जुन्या डिस्कला गार होऊ दिलं. आज सकाळी बनानं तिच्यावर अंगारा लावला, पाठीवरच, आणि दीपमालानं पुन्हा चालू केलं. फक्त ती एक ओवी ओढली. पट्टी निघाली, मध्यावर थांबली. आणि गेली! अंजे, गेली! बनानं मला मिठी मारली, सुनेसमोर, तिला भान नाही.

त्यानंतर बाकीचे फोटो आणि सटरफटर निघालं आणि दुपारी जुनी डिस्क जी गप झाली ती झालीच. बना म्हणते आता टक् टक् पण करत नाही. आबांना पोचवून मग तिनं मान टाकली. मी तिला कापडात गुंडाळून ठेवली आहे, फेकवत नाही.

पण ती गप व्हायच्या आधी, फोटो निघत होते तेव्हाच, दीपमालानं नव्या डिस्कवरची ओवी लावली होती. त्या दोघी ऐकत होत्या. बनाच्या ओठांवर शब्द दिसत होते, तिला आबांच्या पाठ आहेत हे मला चाळीस वर्षांत कळलं नव्हतं. मी आपला बसलो होतो, लग्नात जेवण संपल्यावर आलेल्या पाहुण्यासारखा. तेवढ्यात बनानं माझा हात धरला आणि तळहात स्पीकरच्या डब्यावर ठेवला.

ढोल होता, अंजे. हाताला ढोल लागला. आबा दोन थापा घालून एक सोडायचे आणि मग घाईनं तीन घालायचे, ती त्यांची खोड होती, बघ. तीच. मी दुसऱ्या हातानं मांडीवर धरला तो ठेका, आणि बना म्हणाली, चुकला नाहीत एकदापण. किती वेळ तसा बसलो मला सांगता यायचं नाही. दीपमालाला गाडी गाठायची होती म्हणून हात काढला, नाहीतर काढला नसता.

पर्समध्ये पेन ड्राइव्ह आहे. त्यात आबा आहेत, सगळे. तुझ्या भाच्यानं पाठवले आहेत.

दादा

&nbsp;

कुपवाड, २७ जानेवारी

दादा,

दीपमालाची पाठ शेकली. वहिनींना सांग, माझ्या वाटणीचा होता त्यापेक्षा जास्त दिला.

पेन ड्राइव्ह मी दोन दिवस देवापुढं ठेवला होता, ऐकायचं धाडस होईना. काल सुट्टी होती, पण जयराजच्या वर्कशॉपच्या शेडमध्ये घाईचं काम होतं, दोन्ही लेथ चालू होत्या. त्यांच्याकडे गाणी लावायचा एक मोठा स्पीकर आहे, त्यात पेन ड्राइव्ह जातो. तो मला म्हणाला, "आये, हितं लाव. एकटीनं ऐकू नको, रडत बसशील." मी म्हटलं लाव बाबा, लेथच्या आवाजात मला रडलेलं कुणाला ऐकू येणार नाही.

पहिली थाप पडली आणि माझ्या अंगावर काटा आला. मग आबांनी नाथाचं नाव घेतलं, अगदी आपल्या दारात उभे राहून हाक मारावी तसं. एका लेथवरच्या माणसानं मशीन बंद केली. मग दुसऱ्यानं. सुट्टी न मिळालेल्यांची दुपारची पाळी सुटायची वेळ होती, रस्त्यानं मोटारसायकली चालल्या होत्या, त्यातल्या चार-पाच दारात थांबल्या. त्यात एक आटपाडीकडचा माणूस होता, हेल्मेट तसंच डोक्यावर. आबांनी ओळ सोडली, की तो मागनं झील धरायला लागला, रानात बसलेल्या गड्यांसारखा. मग मी पण धरली. मला वाटलं होतं रडू येईल. रडू कुठं येतंय दादा, गाताना रडायला सवडच नव्हती! जयराज कोपऱ्यात उभा राहून बघत होता. त्यानं आजाचा आवाज पहिल्यांदा ऐकला. म्हणाला, "आये, आज्जा लय भारी की गं!"

आता तुझं. तू हात ठेवून ढोल घेतलास, पण शब्द तुला कुणी दिले? वहिनींच्या ओठांवरनं किती कळणार? म्हणून जी ओवी अडकून बसली होती, ती मी काल रात्री पुन्हा पुन्हा लावून लिहून काढली. ही घे.

मेंढरं बसली माळाला
चांदणं उतरलं पाण्याला
नाथाचा दिवा लागला
म्हसवडाच्या ठाण्याला

लेकी नांदती दूर गं
लेक गेला पलटनीला
त्यांच्या वाटेचा निरोप
सांगतो मी वाऱ्याला

पुढं अजून बरीच आहे, मागच्या पानावर सगळी लिहिली आहे. पण ओवी संपल्यावरचं इथंच लिहिते, कारण ते तुला ठाऊक नसणार, किंवा विसरला असशील. ढोल थांबतो. एक कुत्रं भुंकतं. मेंढराच्या गळ्यातली घंटा वाजते. मग आबा खोकतात आणि बोलतात, गाण्याचा नाही, रोजचा आवाज. म्हणतात, "भाऊ, ह्या डबड्यात आलं का रं समदं? का गेलं वाऱ्यावर?"

आणि तू बोलतोस, दादा. पंचविशीतला तू, छाती पुढं काढून बोलावं तसा.

"आलं, आबा. समदं आलं."

तुझी,
अंजना